आई आणि घरातले गुपित

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१०, उत्पत्ति २७:१-४५, मत्तय १:१-१६



उपनगरातील मध्यमवर्गीय जीवनावरील कौटुंबिक कादंबऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. त्यांत बहुधा एखाद्या आईने वर्षानुवर्षे मनात दडविलेले गुपित असते, व शेवटच्या प्रकरणात ते फुटते. कादंबरी मिटून ठेवता येते. परंतु आपल्या घरात असे गुपित असेल तर काय करावे? आपण जयपूरच्या सोडाल्यात राहत असा की सोलापुरात, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत 'लोक काय म्हणतील' हे भय सारखेच असते. म्हणून पवित्र शास्त्रातील तीन मातांच्या कथांवरून या प्रश्नाचा विचार करू.

१. जीव वाचविणारे गुपित

योखबेदेने आपले बाळ तीन महिने लपविले. फारोची आज्ञा मुलगे नदीत टाकण्याची होती. पुढे लपविणे अशक्य झाले तेव्हा तिने लव्हाळ्याच्या पेटीला डांबर व राळ लावून बाळाला नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवले. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात या लपविण्याची गणना विश्वासाच्या कृत्यांत केली आहे. निर्बळाचा जीव वाचविण्यासाठी पाळलेले मौन देवाला अप्रिय नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचे बोलके उदाहरण आहे. विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक नव्हती. फसविली गेलेली विधवा अब्रूच्या भयाने गर्भपात वा बालहत्या करी. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे स्त्रीने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल ठेवून जावे, अशी सोय होती. अशाच एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत याला त्या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतले. यशवंताच्या जन्माची हकीकत लोकांना ठाऊक होती. तरी त्यांनी त्याला उघडपणे आपला पुत्र मानले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णसेवा करीत मरण पावल्या, तेव्हा तो त्याच सेवेत होता.

आज राजस्थानातही सरकारी रुग्णालयांत 'आश्रय पालना स्थळे' आहेत. नाव न सांगता बाळ तेथे ठेवता येते; काही वेळाने घंटा वाजून आतल्या लोकांना कळते. ती लव्हाळ्याची पेटीच नव्हे काय?

परंतु योखबेदेची कथा येथे संपत नाही. तीच दाई म्हणून नेमली गेली व मूल वाढल्यावर तिने ते राजकन्येला दिले. मोशे मोठा झाल्यावर आपल्या बांधवांकडे गेला असे शास्त्र सांगते. आपण कोणाचे, हे त्याला माहीत होते. राजवाड्यात वाढूनही त्याच्यापासून ते सत्य कायमचे दडून राहिले नाही.

२. घर मोडणारे गुपित

रिबकेचा बेत निराळा होता. तिने याकोबाच्या हातांना करडांची कातडी बांधली व आंधळ्या इसहाकाला फसविले. हेतू आशीर्वादाचा होता. पण किंमत एसावाने व इसहाकाने भरली. तिने याकोबाला थोडे दिवस मामाकडे जा म्हटले. तो वीस वर्षे राहिला. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. पुढे याकोबाच्या मुलांनीही बकऱ्याच्या रक्तात झगा बुडवून बापाला फसविले. घरात शिकलेले कपट पुढच्या पिढीत उतरते, ते असे.

३. देवाने उघड केलेली नावे

मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको यांचा उल्लेख टाळला नाही. तामारेची कथा कोणत्याही प्रतिष्ठित घराण्याने पुसून टाकली असती. देवाने ती तारणाऱ्याच्या वंशावळीत ठेवली. ज्या घराला ख्रिस्ताची कृपा मिळाली आहे, त्याला आपला भूतकाळ झाकण्यासाठी लेकराला खोटे सांगण्याची गरज उरत नाही.

आपल्या मंडळ्यांत याचा संबंध विशेषतः दत्तक मुलांशी येतो. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याने, २००० पासून व आता २०१५ च्या कायद्यान्वये, पूर्ण दत्तकाचा मार्ग खुला झाला. मूल सोपविणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. दत्तक मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेऊ शकते. जन्मदात्या आईने गुप्तता मागितली असेल तर तिची संमती घ्यावी लागते. म्हणजे कायदाही आईच्या लाजेला आडोसा देतो, परंतु मुलाच्या प्रश्नाला गप्प बसवीत नाही.

तेव्हा, मातांनो व पित्यांनो, ही गोष्ट मुलाला लहानपणीच, त्याला समजेल अशा सोप्या शब्दांत, तुमच्याच तोंडून कळू द्या. लग्नघरी एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून ती कळली, तर मुलाला जन्माच्या गोष्टीपेक्षा तुमच्या मौनाचे दुःख अधिक होईल. आणि मंडळीच्या सभासदांनो, जे सांगण्याचा अधिकार आईबापांचा आहे, ते तुम्ही सांगू नका.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या मौनाने कोणाचे रक्षण होते : निर्बळाचे की माझ्या प्रतिष्ठेचे?
२. त्याची किंमत कोण भरत आहे?
३. हे सत्य सांगण्याची वेळ येऊन ठेपली आहे काय? त्यासाठी मी कोणाबरोबर प्रार्थना करीन?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या घरातील झाकलेले तुला ठाऊक आहे. जेथे आश्रय हवा तेथे आम्हांला मुके कर. जेथे सत्य हवे तेथे प्रीतीने बोलण्याचे धैर्य दे. आमेन.