पथकर आणि अंतराचा हिशेब

रस्ता हा सर्वांचा, असे आपण सहज म्हणतो. परंतु तो बांधावयास व नीट राखावयास जो पैसा लागतो तो कोणी द्यावा, हा प्रश्न निघाला म्हणजे सर्वांचे एकमत क्षणात नाहीसे होते. या विषयावर काही लिहावे असे गेल्या वर्षी एका लहानशा प्रसंगावरून आमच्या मनात आले, व तो प्रसंग सांगूनच आरंभ करणे आम्हांस बरे वाटते.

आपल्या शाळेत पुणे रस्त्यावरील एका गावाहून आठवीत शिकावयास येणारा एक विद्यार्थी आहे. त्याचे गाव शहरापासून चौदा किलोमीटरांवर. परंतु गाव आणि शहर यांच्या मध्ये पथकराचा नाका आहे. तो व त्याच्या गावची आणखी सात मुले एका भाड्याच्या गाडीने येत असत. एके दिवशी त्याचे वडील शुक्रवार पेठेत आम्हांस भेटावयास आले आणि पायरीवर उभे राहूनच म्हणाले, ‘‘सर, गाडीवाल्यानं दर पोरामागं महिन्याला अडीचशे वाढवलं. नाक्यावर पैसं जातात म्हणतो. पोरगा हुशार हाय, पण ह्ये कसं झेपायचं?’’ आम्ही त्यांस आत बोलावून बसविले, चहा दिला. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचले, विचारले व पडताळून पाहिले, त्यांपैकी काही भाग येथे देत आहो.

वाटेवर कर घेण्याची चाल फार जुनी आहे. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकीत असत, अशी परंपरागत समजूत आहे. शुभवर्तमानातील मत्तय हाही कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसणारा मनुष्य होता, आणि त्या धंद्यातील लोकांविषयी जनतेच्या मनात किती चीड होती हे बायबल वाचणारांस ठाऊकच आहे. मौज अशी की, याच जकातदारांनी ‘आम्ही काय करावे?’ असे योहानास विचारले, तेव्हा त्याने त्यांस नाका सोडून जाण्यास सांगितले नाही; ठरविले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. आम्हांस वाटते, सारा वाद याच एका गोष्टीभोवती फिरतो. ठरविलेले म्हणजे किती, आणि ते कोणत्या मापाने ठरविले?

आपल्या देशात राष्ट्रीय महामार्गांवरील कराचे माप 2008 च्या नियमांनी ठरविले आहे. त्यांत 2007-08 हे मूळ वर्ष धरून चौपदरी रस्त्यावर मोटार, जीप अशा हलक्या वाहनास दर किलोमीटरला 65 पैसे आणि बस किंवा ट्रकला 2 रुपये 20 पैसे असा दर आहे. प्रतिवर्षी 1 एप्रिल रोजी त्यात शेकडा 3 ची ठरीव वाढ होते, आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकात जी वाढ झाली असेल तिचा शेकडा 40 भागही मिळविला जातो. एकाच दिशेस सामान्यतः 60 किलोमीटरांच्या आत दुसरा नाका असू नये, असाही नियम आहे. सोलापुराहून पुण्यास जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी व पाटस हे नाके लागतात, हे आपणांपैकी पुष्कळांस तोंडपाठ असेल.

आता हा दर किलोमीटरास लावलेला दिसतो खरा. परंतु वसुली किलोमीटराची होत नाही, नाक्याची होते. आठवीच्या वर्गात आम्ही हाच हिशेब फळ्यावर मांडला. आकडे सोपे राहावेत म्हणून मूळ वर्षाचाच दर घेतला. नाक्याच्या पट्ट्यातील रस्ता 60 किलोमीटर असेल, तर मोटारीचा कर 60 गुणिले 65 पैसे, म्हणजे 39 रुपये. तो जवळच्या पाच रुपयांत बसवावयाचा, म्हणजे 40. आपला विद्यार्थी वापरतो 14 किलोमीटर. त्याचे होतात 9 रुपये 10 पैसे, म्हणजे फार तर 10. अर्थात चौपट! वर्गात गलका झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘‘सर, ज्यांचं जाणं-येणं दोन नाक्यांच्या मधल्या मध्येच असतं, ते काय देतात?’’ ते काहीच देत नाहीत. पन्नास किलोमीटर रस्ता रोज वापरूनही त्यांस एक पैसा पडत नाही. हा प्रश्न आम्हांस स्वतःस सुचला नव्हता, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो.

नियमकर्त्यांस ही अडचण दिसली नव्हती असे नाही. नाक्यापासून 20 किलोमीटरांच्या आत राहणाऱ्याच्या खाजगी वाहनास सवलतीचा मासिक पास मिळतो. ज्या जिल्ह्यात नाका आहे त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या धंद्याच्या वाहनास अर्धा कर पडतो. परंतु मुले वाहून नेणारी भाड्याची गाडी ही धंद्याचीच गाडी. तिला खाजगी मोटारीचा पास नाही. म्हणजे ज्याच्या दारी स्वतःची मोटार आहे त्यास मोठी सवलत, आणि ज्याची मुले वाटणीने भाडे देऊन येतात त्यास लहान. 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांत 200 खेपांचा जो वार्षिक पास निघाला, तोही खाजगी मोटारींपुरताच आहे.

लोकांच्या रागाचे दुसरे कारण म्हणजे एकाच रस्त्यासाठी अनेक वेळा पैसे द्यावे लागतात ही भावना. वाहन नोंदविताना कर, पेट्रोल-डिझेल घेताना दर लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर, आणि वर नाक्यावर पथकर. ही तक्रार पोकळ आहे असे कोणी म्हणणार नाही. तिने कोल्हापुरात काय रूप घेतले ते अजून अनेकांच्या स्मरणात आहे. तेथे शहरातील रस्ते खाजगी कंत्राटदाराकडून बांधून घेतले, आणि त्याचा खर्च भागावा म्हणून शहराच्या वेशींवर नाके उभे राहिले. 2013 मध्ये वसुली सुरू झाली. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंदराव पानसरे यांच्यासारख्यांनी लोकांची बाजू घेतली, मोठमोठे मोर्चे निघाले. जानेवारी 2014 मध्ये नाके जाळले गेले, आणि 2015 च्या अखेरीस तो पथकर रद्द झाल्याची घोषणा झाली. कंत्राटदाराची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून करावी लागली. म्हणजे पैसे गेलेच. केवळ ते नाक्यावर न जाता दुसऱ्या वाटेने गेले. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण लोकांस न विचारता वेशीवर दांडी आडवी घातली म्हणजे काय होते, ते त्यावरून समजते.

याला एक जुने विलायती उदाहरण आहे. वेल्स प्रांतात 1839 ते 1843 या काळात शेतकरी रात्री बायकांची वस्त्रे लेवून निघत आणि पथकराची फाटके कुऱ्हाडींनी फोडीत. शेतासाठी चुनखडीचा चुना वाहून नेणाऱ्या गरीब शेतकऱ्यास जवळजवळच्या फाटकांवर पुनःपुन्हा कर पडे, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. त्यांनी आपल्या पुढाऱ्यास ‘रिबेका’ हे नाव दिले. उत्पत्तीच्या पुस्तकातील रिबेकेस तिच्या माहेरच्यांनी जो आशीर्वाद दिला, त्यात शत्रूंच्या वेशी तुझ्या वंशजांच्या ताब्यात येवोत असे आहे, त्यावरून. पुढे सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि 1844 मध्ये कायदा करून कराची व्यवस्था सुधारली.

आता यंत्रांकडे वळू. मोटारीच्या काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगच्या चिठ्ठीत विजेचा घट नसतो. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींतूनच चिठ्ठीस क्षणभर पुरेल एवढी शक्ती मिळते, व ती आपला क्रमांक परत कळविते. मग त्या क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातून पैसे वजा होतात. फेब्रुवारी 2021 पासून ही पद्धत महामार्गांवर सर्व चारचाकी वाहनांस सक्तीची झाली. रांगा कमी झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण पैसे हातातून न जाता खात्यातून गेले म्हणजे चूक झाली तर दाद कोणाकडे मागावी, हे कळेनासे होते. आमच्या एका स्नेह्याची मोटार शुक्रवार पेठेत दारात उभी असता, तिने दूरच्या एका नाक्यावरून प्रवास केल्याचा संदेश त्यांस आला! ते पैसे परत मिळावयास दीड महिना व पुष्कळ पत्रव्यवहार लागला.

नाके काढून, जितका रस्ता वापरला तितकाच कर उपग्रहांच्या साह्याने घ्यावा, अशी तरतूद सप्टेंबर 2024 मध्ये नियमांत करण्यात आली. तीत एक फार चांगली गोष्ट आहे : असे यंत्र बसविलेल्या वाहनास रोज प्रत्येक दिशेस पहिले 20 किलोमीटर माफ. आपल्या विद्यार्थ्याचे अंतर 14; म्हणजे कर शून्य! परंतु ही पद्धत देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाही, असे सरकारने 2025 मध्ये स्पष्ट केले. तूर्त निवडक नाक्यांवर क्रमांकाची पाटी वाचणारे कॅमेरे व फास्टॅग यांच्या साह्याने दांडीवाचून वसुली करण्याकडे कल आहे.

उपग्रहाची रीत समजून घेणे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस उपयोगी आहे. उपग्रह आपली वेळ सांगणारा संकेत पाठवितो. तो पोहोचावयास किती काळ लागला यावरून अंतर निघते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते, आणि यंत्राच्या घड्याळातील चूक काढावयास चौथा लागतो. संकेताचा वेग सेकंदास सुमारे 3 लाख किलोमीटर. म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी 300 मीटरांचा फरक पडतो. महामार्ग आणि त्याला लागून असलेला सेवारस्ता यांत तर थोड्याच मीटरांचे अंतर असते. बैलगाडीच्या वाटेने गेलेल्या मोटारीस महामार्गाचा कर लागू नये, एवढे साधण्यासाठी ती घड्याळे किती अचूक हवीत याची कल्पना यावरून करावी.

आणखी एक शंका आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. अंतर मोजणारे यंत्र ठिकाणही जाणते. कोण केव्हा दवाखान्यात गेला, कोण सभेस गेला, हे सर्व त्याच्या हिशेबात येऊ शकते. ब्रिटनमध्ये 2007 साली मैलावारी कराच्या योजनेविरुद्ध सुमारे 18 लाख लोकांनी अर्जावर सह्या केल्या, त्यामागे पैशांइतकीच ही धास्तीही होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. तेव्हा किती काळ, कोणापाशी व कशासाठी ही नोंद राहील, हे विचारण्याचा अधिकार मोटारवाल्यास आहेच. उलट स्टॉकहोममध्ये 2006 साली प्रथम सहा-सात महिने प्रयोग केला, मग मत घेतले, आणि शहरवासीयांनी कौल दिल्यावर 2007 मध्ये कर कायम केला. आधी अनुभव, मग विचारणा, मग कर, हा क्रम आम्हांस फार पसंत पडला.

अंतराप्रमाणे कर हा तत्त्वतः न्याय्य आहे, असे आमचे मत झाले आहे. मात्र गाव आणि त्याची शाळा, बाजार व दवाखाना यांमधील रोजचे अंतर त्यातून सुटले पाहिजे, आणि ही सूट खाजगी मोटारीइतकीच भाड्याच्या गाडीसही मिळाली पाहिजे.

तो विद्यार्थी हल्ली सवलतीच्या पासावर एस. टी. ने येतो. गाडी स्थानकावर पोहोचल्यावर तो चालत निघतो, तरी पहिल्या तासास दहा मिनिटे उशीर होतोच. त्या तासाला आमचे गणित असते. हजेरी आम्ही आता तासाच्या शेवटी घेतो.