जर्मनीला निघण्याआधी

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ओळखीतली कितीतरी मुलंमुली जर्मनचे क्लास लावून बसली आहेत. पगार, व्हिसा, घरभाडं सगळं मला विचारतात. तिथे स्वतःवरचा भरवसा कसा डळमळतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहिते आहे.

पुण्यात क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढून मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात रुजू झाले. पुण्यात काम जमलं की साहेब चारचौघांत "छान झालं" म्हणायचे. तिथले साहेब अहवाल चाळत, चुकीवर बोट ठेवत आणि पुढच्या विषयाकडे वळत. बरोबर निघालेल्या पानांबद्दल अवाक्षर नाही. बैठकीत जर्मन वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असे. हळूहळू मी बोलणंच सोडलं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, ही धास्ती रात्रीही पाठ सोडत नसे. येत असलेलं कामही मी पुनःपुन्हा तपासू लागले.

साहेब माझ्यावर खूश आहेत, हे मला एका वयस्क सहकारी बाईंकडून कळलं. त्या भागातल्या स्वाबियन लोकांत रागावले नाहीत म्हणजे कौतुकच झालं, असं मानतात. मी मात्र प्रत्येक गप्प बसण्याचा अर्थ नापसंती असा लावत होते.

परदेशात असं डळमळणं नवं नाही. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या अभ्यासकांबद्दल लिहिलं. तिथे सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे रुळलेले होते, मधल्या काळातल्यांची अवस्था सर्वांत कठीण होती. हे सगळ्यांच्याच बाबतीत घडत नाही, असं पुढच्या संशोधनात दिसलं. माझं मात्र असंच झालं. त्या मधल्या काळात राजीनाम्यासारखा मोठा निर्णय शक्यतो घेऊ नका.

साहेबांना "माझं काम कसं आहे?" असं मोघम विचारू नका. "या अहवालातलं काय असंच ठेवू, काय बदलू?" असं विचारा, सरळ उत्तर मिळतं. शुक्रवारपर्यंत होणार नसेल तर सोमवारीच सांगा. आपलं "बघते, होऊन जाईल" जर्मनीत शब्द दिला असं धरलं जातं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते आत्मविश्वासाला सर्वांत जास्त बळ स्वतः पार पाडलेल्या कामातून मिळतं. तेव्हा सुरुवातीला एखादं लहानसं काम पूर्णपणे आपल्याकडे मागून घ्या. जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा दिलीत तरी कारखान्यातली स्वाबियन बोली कानाला अनोळखीच वाटेल. आपल्या कामातल्या वस्तूंची नावं आधी शिका.

घरी फोनवर सगळेच "मजेत आहे" म्हणतात. निदान एका माणसाला खरं सांगत जा. झोप आणि भूक दोन्ही उडाली असतील तर डॉक्टरांकडे जायला संकोचू नका. नोकरीचे पहिले चार आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या आजारपणाच्या रजेत सहा आठवड्यांपर्यंत पगार चालू राहतो, आणि मनाचं आजारपणही त्यात धरतात.