सिपनाकाठची पायवाट : हिवाळी वन्यजीव-निरीक्षणाचा एक पाठ

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांमध्ये मेळघाटचे अरण्य पसरलेले आहे. देशात व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ मध्ये सुरू झाली, तेव्हा निवडण्यात आलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या हे अरण्य भिजवितात आणि अखेरीस तापीला जाऊन मिळतात. त्यांपैकी सिपना ही सेमाडोह व कोलकासच्या परिसरातून वाहते. कोरकू भाषेत ‘सिपना’ म्हणजे साग. ज्या नदीच्या दोन्ही तीरांवर सागाचे रान उभे आहे, तिला याहून समर्पक नाव शोधून सापडले नसते.

गेल्या हिवाळ्यात वन विभागाच्या परवानगीने या नदीकाठच्या एका पायवाटेने काही मैल चालण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. सोबत त्या नियतक्षेत्राचे वनरक्षक आणि एक वयस्क कोरकू वनमजूर होते. त्या सकाळी जे पाहावयास मिळाले, त्याहून ते कागदावर कसे उतरवावे याची शिकवण अधिक मोलाची वाटली. शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांना ती उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

हिवाळाच का?

पावसाळ्यात सिपना दुथडी भरून वाहते आणि काठावरील सर्व खुणा धुऊन नेते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह तुटतो व केवळ डोह उरतात. हिवाळ्यात मात्र प्रवाह बारीक होऊन काळ्या खडकांच्या कडेने ओलसर वाळूचे व गाळाचे पट्टे उघडे पडतात. रात्री पाण्यावर आलेल्या प्रत्येक प्राण्याची हजेरी या पट्ट्यांवर उमटते. शिवाय उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी याच ऋतूत नदीकाठी उतरतात. शेपटी सारखी खालीवर हलविणारा धोबी पक्षी आणि खडकाखडकावरून तुरुतुरु धावणारा तुतवार आम्हास पहिल्या फर्लांगातच दिसले.

सूर्योदयानंतर आम्ही निघालो. थंडी इतकी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ‘उजेड नीट पडल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही, आणि माझ्यापुढे कोणी जायचे नाही,’ असे वनरक्षकांनी आरंभीच बजावले. नदीच्या वळणावर उंबर, जांभूळ व अर्जुन वृक्षांची दाटी होती. पलीकडील उतारावर एक सांबराची मादी कान टवकारून क्षणभर उभी राहिली व नाहीशी झाली.

वाळूवरील अक्षरे

पहिल्याच वाळूच्या पट्ट्यावर खुणांची गर्दी होती. रानडुकरांनी उकरलेली माती, मोराची त्रिशूळासारखी पावले, गव्याचे रुंद खूर आणि त्यांच्या कडेने गेलेला एक मोठा गोलसर ठसा. ठशात नखांची खूण नव्हती. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात; त्यामुळे कुत्रा, कोल्हा व रानकुत्रा यांच्या पावलांपासून त्यांचे पाऊल सहज वेगळे ओळखता येते. अस्वलाच्या पावलापुढे याउलट लांब नखांच्या रेघा उमटतात.

‘हा ठसा रात्रीचा की पहाटेचा?’ असे मी विचारले. वृद्ध वनमजुरांनी उकिडवे बसून ठशाकडे बोट दाखविले. सभोवतालच्या वाळूवर झाडावरून गळलेल्या दवाच्या थेंबांनी बारीक खळगे पाडले होते. ठशाच्या आत तसे खळगे नव्हते. ‘दव गळून गेले, मग तो गेला,’ एवढेच ते म्हणाले. प्राणी पहाटेनंतर तेथून गेला होता. म्हणजे आमच्या थोडासाच पुढे होता. वनरक्षकांनी आम्हास तेथेच थांबविले. दहा-पंधरा मिनिटे निःशब्द उभे राहून कानोसा घेतल्यावर, नदीकाठ सोडून उघड्या माळाच्या बाजूने वळसा घालावयाचे ठरले.

या सावधगिरीचे कारण सर्वांच्या स्मरणात राहावे असे आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात अशाच खुणांची पाहणी करीत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर तेथील पायी पाहणी काही काळ थांबविण्यात आली. अहवालातील एका आकड्यामागे कोणाचे तरी पायी चालणे असते आणि त्या चालण्यात जिवाची जोखीम असते. म्हणूनच असा आकडा खोटा असणे हा केवळ कारकुनी दोष ठरत नाही.

कागदावरील वाघ

खोट्या आकड्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचे उदाहरण राजस्थानातील सरिस्का येथे मिळाले. २००४ पर्यंत तेथील गणनेच्या कागदावर वाघ दाखविले जात होते. २००५ मध्ये तेथे एकही वाघ उरलेला नसल्याचे स्पष्ट झाले. कागदावर वाघ असल्यामुळेच शिकारीचा सुगावा वेळीच लागला नाही. या धक्क्यानंतर पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी रीत मागे पडली आणि २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने देशव्यापी व्याघ्र-गणना होऊ लागली. तीत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात. तरीही पायपिटीला पर्याय मिळालेला नाही. मांसभक्षक प्राण्यांच्या खुणा नोंदविण्यासाठी आणि तृणभक्षक प्राणी मोजण्यासाठी वनकर्मचारी नियतक्षेत्रा-नियतक्षेत्रांतून ठराविक वाटांवर पायी चालतात. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज १०३ होता. २०२२ च्या गणनेत तो ४४४ पर्यंत पोहोचला. या आकड्यांवर आपण विश्वास ठेवतो तो या पायपिटीच्या बळावर.

एका घुबडाची हकिकत

माळावरून वळसा घालून आम्ही पुन्हा नदीच्या दिशेने उतरत होतो. कोवळ्या उन्हात एका निष्पर्ण फांदीवर लहानसे घुबड आमच्याकडे पाठ करून बसलेले दिसले. भर सकाळी उन्हात बसलेले घुबड पाहून मी हरखून गेलो. कारण मेळघाट हे रानपिंगळ्याचे घर आहे आणि रानपिंगळा दिवसा वावरतो, हे वाचून ठाऊक होते. मी दुर्बीण डोळ्यास लावतो न लावतो तोच ते उडाले.

रानपिंगळ्याची हकिकत मुळातून सांगण्याजोगी आहे. १८७२ मध्ये मध्य भारतात मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जे मोजके नमुने मिळाले, त्यांतील काही खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरात गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. फक्त एक नोंद पुढील काळातील होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याचे नमूद केले होते. नामवंत पक्षितज्ज्ञांनी घेतलेले शोध निष्फळ ठरले आणि रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले, तेव्हा १९१४ ची ती नोंद बनावट असल्याचे आढळून आले. तो नमुना डेव्हिडसन यांच्याच संग्रहातील होता. संग्रहालयातून तो चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. ती नोंद बाजूस सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधल्या काळात ११३ वर्षे लोटली होती. पुढील पाहणीत मेळघाट हे या पक्ष्याचे एक प्रमुख आश्रयस्थान असल्याचे दिसून आले. जगात केवळ मध्य भारतात आढळणारा हा पक्षी आजही संकटग्रस्त आहे.

एका अधिकाऱ्याने नमुन्यावर प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले गावाचे नाव शतकानंतर उपयोगी पडले आणि दुसऱ्याच्या खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली, असा या हकिकतीचा बोध आहे.

‘मग काय लिहावयाचे?’ मी वनरक्षकांना विचारले. साधा पिंगळाही या रानात असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात; रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते अगदी अस्पष्ट असतात आणि त्याचे पोट स्वच्छ पांढरे असते. आम्हा तिघांपैकी कोणीही डोके वा पोट नीट पाहिले नव्हते. रानपिंगळा दिसला असे लिहिता आले असते तर या लेखासही शोभा आली असती, हे कबूल केले पाहिजे. वनरक्षकांनी वहीत लिहिले : ‘सकाळी ८.४०. लहान घुबड, एक. पिंगळा वा रानपिंगळा, खात्री नाही.’ आणि त्या ठशापुढे वेळ, जागा, लांबी व रुंदी लिहून त्यांनी वही मिटली.

शाळा व पंचायत यांनी काय करावे?

ही शिस्त केवळ व्याघ्र प्रकल्पापुरती नाही. प्रत्येक गावाला ओढा, नाला वा नदी असते. शिक्षकांनी हिवाळ्यात महिन्यातून एक सकाळ विद्यार्थ्यांना गावालगतच्या सुरक्षित काठाने न्यावे आणि वहीच्या पानावर चार रकाने आखून द्यावेत : स्वतः पाहिले, खूण पाहिली, आवाज ऐकला, दुसऱ्याने सांगितले. पानाच्या माथ्यावर तारीख, आरंभाची व शेवटची वेळ, ठिकाण आणि हवामान असावे. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. ज्या काठावर गेल्या वर्षी धोबी पक्षी होते व यंदा नाहीत, तेथे ‘दिसले नाहीत’ ही नोंददेखील मोलाची ठरते. मुलांना ‘खात्री नाही’ असे लिहिण्यास शिकविणे हा विज्ञानशिक्षणाचा पहिला धडा होय.

पंचायतींच्या दृष्टीने याला कायद्याचे अधिष्ठान आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, गावकऱ्यांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख कार्य आहे. ही वही एकदाच भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. गुराखी, मासेमार, वैदू व वृद्ध स्त्रिया यांना जे ज्ञात आहे ते त्यांच्याच शब्दांत, त्यांनी वापरलेल्या नावांसह तीत उतरले पाहिजे. दवाच्या खळग्यांवरून ठशाची वेळ सांगणाऱ्या त्या वृद्धाचे ज्ञान आजवर कोणत्याही वहीत गेलेले नाही. मात्र दुर्मीळ प्राण्याचे घरटे वा गुहा यांचे नेमके ठिकाण जाहीर फलकावर लिहू नये. शिकाऱ्यालाही वाचता येते.

वन्य प्राण्यांचा वावर असलेल्या क्षेत्रात परवानगीविना व वनकर्मचाऱ्यांच्या सोबतीविना जाऊ नये. अंधारात चालू नये, एकट्याने मागे राहू नये, पिल्ले दिसल्यास तत्काळ मागे फिरावे आणि ताजी खूण दिसल्यास तिचा माग काढू नये. पाहणी अर्धवट राहिली तरी चालेल. ती तशीच, अर्धवट म्हणून, नोंदविता येते.

दहाच्या सुमारास आम्ही परतलो. वाटेत पहिल्या वाळूच्या पट्ट्यापाशी दुरून पाहिले, तर पाणी प्यायला उतरलेल्या वानरांच्या टोळीने तो ठसा पुरता तुडवून टाकला होता. सकाळी तेथे कोण येऊन गेले होते, याचा पुरावा आता फक्त वनरक्षकांच्या वहीत उरला होता.