बंब नवा कधी घ्यायचा आणि त्याचा पैसा कोठून उभा करायचा?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आजवर आपण बेणेमळा, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा याविषयी वाचत आलात. आज शेती विभागाच्या माणसाने आगीच्या बंबावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बारा-चौदा महिने सांभाळलेला ऊस भरदुपारच्या एका ठिणगीने जातो, तेव्हा ऊसविकास आणि बंब हे दोन विषय वेगळे राहत नाहीत.

गेल्या हंगामात विजेच्या तारा एकमेकींना घासून एक फड पेटला. फोन आल्याबरोबर आपला बंब निघाला, वेळेवर पोचला. टाकीत पाणी होते तोवर काम झाले. नंतर शेजारच्या विहिरीत सक्शन पाइप सोडला, पण पंप पाणी धरेना. जोडाचे रबरी वायसर कडक होऊन चिरले होते आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता. तेवढ्या वेळात आग बांध ओलांडून पुढच्या फडात गेली. लोक बंबावरच्या माणसांना नको ते बोलले. मी तेथे उभा होतो. चूक त्या माणसांची नव्हती. गाडी थकली आहे हे दर वर्षी दिसत होते आणि दर वर्षी आपण "यंदा राहू द्या" म्हणत आलो. अंदाजपत्रकाच्या बैठकीत मीही बेणे आणि ठिबकसाठी रक्कम मागितली, बंबाचे नाव काढले नाही. म्हणून हा लेख.

जळालेल्या उसाने कोणाचे काय जाते?

ऊस जळाला की कांड्यावरचा मेणाचा थर जातो, साल तडकते आणि तेथून जंतू आत शिरतात. रसातील साखर फुटू लागते, वजन रोज घटते. म्हणून असा ऊस शक्यतो चोवीस तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला तर रस चिकट होतो आणि कारखान्यात साखर बसायला त्रास पडतो. शेतकऱ्याचे पाचट जाते, ठिबकच्या नळ्या वितळतात, खोडव्याची फूट विरळ होते.

याशिवाय एक नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. जळीत उसासाठी टोळ्या वळवाव्या लागतात, म्हणजे ज्याच्या तोडीची पाळी आली होती त्याचा पक्व ऊस उभा राहतो. आग एकाच्या फडात लागते, पण पाळीपत्रक सगळ्यांचे बिघडते.

गाडी फिरलीच नाही, मग जुनी कशी?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. किलोमीटरचा काटा पाहिला तर बंब नवाच वाटतो. परंतु बंबाचे वय किलोमीटरवर मोजू नये. त्याची कारणे अशी :

१) साडेचार हजार लिटरची टाकी सदैव भरलेली असते. म्हणजे साडेचार टन ओझे रात्रंदिवस पाट्यांवर आणि टायरवर राहते. मालट्रक निदान माल उतरवल्यावर मोकळा होतो.

२) पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. गाडी एका जागी उभी आणि इंजिन तासन्‌तास जोरात, हे काम काट्यावर दिसत नाही.

३) थंड इंजिन एकदम पळवावे लागते. गरम होऊ द्यायला आग थांबत नाही.

४) रबर, वायसर, होज आणि बॅटरी वापराविना लवकर खराब होतात. टाकी आतून गंजते आणि गंजाचे कण पंपात जातात.

५) चासीचे मॉडेल बंद झाले की सुटे भाग मिळेनासे होतात. एका भागासाठी गाडी आठवडाभर उभी राहिली, तर तेवढे दिवस आपल्याकडे बंब नाही असेच समजावे.

पाण्याचा हिशेब

दोन होज चालू आहेत आणि प्रत्येकातून मिनिटाला ४५० लिटर पाणी जाते असे धरा. साडेचार हजार लिटरची टाकी पाच मिनिटांत रिकामी होते. पुढचे सगळे पाणी भरण्यावर अवलंबून. येथे विहिरीचा नियम ध्यानात घ्या. पंप चांगला असला तरी सुमारे सात मीटर, म्हणजे २३ फुटांपेक्षा खोलवरचे पाणी तो ओढू शकत नाही. आपण आपली मोटर विहिरीत खाली का बसवतो, त्याचे कारण हेच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेल्या विहिरीवर नवाकोरा बंबही हात टेकतो. म्हणून गटवार शेततळी, पाणीपुरवठा संस्थेचे हौद आणि बारमाही पाण्याच्या जागा यांची यादी बंबावर असली पाहिजे.

सरकारी नियम आणि मदत

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकार, महापालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या पंधरा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही. आपला कारखाना सभासदांच्या मालकीचा असल्याने हा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. परंतु मोठ्या आगीत आपण नगरपालिकेचा बंब मागवतो. तो जुना म्हणून निघाला आणि नवा आला नाही, तर आपला एक आधार जातो.

राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. तीत महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा २५ टक्के वाटा उचलायचा होता. पण हा पैसा राज्याच्या सेवेसाठी होता, कारखान्याच्या बंबासाठी नव्हे. आपला बंब आपल्यालाच घ्यायचा आहे.

घसारा म्हणजे शिल्लक नव्हे

ताळेबंदात दर वर्षी बंबाचा घसारा दिसतो, त्यामुळे नव्या बंबाचे पैसे कोठेतरी जमत आहेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. हिशेब समजण्यापुरती बंबाची किंमत ६० लाख रुपये धरू. घटत्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला तर पंधरा वर्षांनी पुस्तकात सव्वापाच लाखांच्या आसपास किंमत उरते. बाकीची रक्कम कमी झाली ती कागदावर. तिच्याएवढी रोकड वेगळी काढून बँकेत ठेवली नसेल, तर बंब घ्यायच्या दिवशी कर्जच काढावे लागते.

उपाय एकच, तो म्हणजे वाहन नूतनीकरणाचा वेगळा निधी. समजा वर्षाला पाच लाख टन गाळप होते. टनामागे एक रुपया बाजूला ठेवला तर वर्षाला पाच लाख आणि बारा वर्षांत ६० लाख जमतात. मधल्या काळात बंबाची किंमत वाढेल, तिचा काही भार व्याज उचलेल. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचा वाटा वर्षाला शंभर रुपये होतो. उलट बाजू पाहा. एकरी ४० टनांचा फड जळून वजनात पाच टक्के घट आली तरी दोन टन गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी, हे ७,१०० रुपये झाले.

हा रुपया ऊसबिलातून कापा असे मी म्हणत नाही. एफआरपीला हात लागू नये. आसवनी आणि वीजनिर्मितीच्या उत्पन्नातून तेवढी तरतूद करावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दुसऱ्या कामाला वळवू नये, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा.

घ्यायचा तर कोणता?

केवळ मोठा बंब म्हणजे चांगला बंब नव्हे. भरलेला मोठा बंब काळ्या रानातल्या पाणंदीत रुततो. मुख्य बंब कारखान्यावर ठेवावा आणि मोठ्या गटांत ट्रॅक्टरवर चालणारा टँकर, त्यावर पंप व होज अशी सोय करावी. पहिल्या दहा मिनिटांत तोच उपयोगी पडतो. आसवनीसाठी अल्कोहोलवर टिकणारा फेस हवा. साधा फेस अल्कोहोलमध्ये विरघळून जातो. जुना बंब लगेच विकू नये. टाकी आणि ब्रेक ठीक असतील तर तो पाणी वाहायला ठेवावा.

सभासदांनी काय करावे?

१) आग दिसताच गट कार्यालयाला आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. एक माणूस फाट्यावर उभा करा.

२) वायरमनकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांखाली पाणी मारू नका.

३) वाऱ्याच्या पुढे, पेटत्या सऱ्यांत कोणी शिरू नये. आगीपासून लांब, पुढच्या बाजूचा ऊस तोडून मोकळा पट्टा करा.

४) तारांना झोळ पडला असेल तर गळितापूर्वीच वीज कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी आपल्या बंबाची चाचणी सभासदांसमोर, खऱ्या विहिरीवर व्हावी अशी माझी सूचना आहे. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे खरी परीक्षा तेव्हाच होते.

येत्या वार्षिक सभेत तीन प्रश्न अवश्य विचारा. बंब कोणत्या सालचा आहे? विहिरीतून पाणी ओढण्याची चाचणी शेवटची कधी झाली? नव्या बंबासाठी आज बँकेत किती रक्कम आहे? उत्तर द्यायला मीही व्यासपीठावर असेन. बैल गेला आणि झोपा केला, असे पुन्हा व्हायला नको.

आपला,
ऊस विकास अधिकारी