पहाटेचा मोकळा रस्ता आणि पेंगणारा मेंदू

थंडीत गाडी काढायची म्हटलं की सगळे धुक्याची काळजी करतात. गोदाकाठच्या, कालव्यांच्या कोपरगावात ती रास्तच आहे. पण धुकं समोर दिसतं, म्हणून चालक आपोआप वेग कमी करतो. झोपेचं तसं नाही. रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान शरीराचं तापमान सर्वांत खाली उतरतं आणि त्याबरोबर मेंदूची सावधताही. त्यात गारठ्यामुळे काचा बंद, हीटर चालू. आतलीच हवा फिरत ठेवली, तर कार्बन डायऑक्साइड साठतो, डोळे जडावतात. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी सुमारे ९० मीटर कुणाच्याही ताब्यात नसते. त्यात थंडी म्हणजे नेमका उसाचा गळीत हंगाम. नगर-मनमाड रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी पुढे असेल, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

‘पहाटे रस्ता मोकळा मिळतो,’ असं लोक म्हणतात. खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर मेंदूला कामच उरत नाही. ‘चहा घेतला की झोप उडते’ हेही अर्धंच खरं: चहा-कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागू शकतो आणि झोपेची थकबाकी त्याने फिटत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत आढळलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूला कधीही न शिवलेला माणूसही त्या अवस्थेत गाडी चालवू शकतो. रात्री घेतलेल्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन सकाळीही गुंगी ठेवतं, म्हणून गोळी घेताना ‘मला गाडी चालवायची आहे’ हे डॉक्टरांना जरूर सांगा.

ऊस वाहणाऱ्यांना मात्र वेळ निवडता येत नाही. कारखान्यावर नंबर लागेल तेव्हा ट्रॉली रिकामी होते. त्यांना ‘पहाटे निघू नका’ सांगणं अन्यायाचं ठरेल. त्यांच्यासाठी कारखान्यांनी आवारात झोपायला ऊबदार जागा द्यावी आणि प्रत्येक ट्रॉलीला, बैलगाडीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती रस्त्यावर सोडू नये. बाकीच्यांना निवड आहे. पेंग आली तर पेट्रोल पंपावर गाडी लावा, चहा घ्या आणि त्याचा अंमल चढेपर्यंत लगेच वीस मिनिटं झोपा. शिर्डीची काकड आरती गाठायची असेल, तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा आणि रात्री तिथेच मुक्काम करा.