स्वल्पविरामापलीकडे कोण उभं आहे?

पोरी, तुझा अर्ज वाचला. शब्द नेमके आहेत, स्पेलिंगची चूक नाही. एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती आपल्या मराठी माणसांच्या इंग्रजीत फार दिसते, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

'बातमी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.' या वाक्यात काही चूक नाही. ऐकणारी तूच, हे 'माझ्या'वरून कळतं. 'रस्त्याने जाताना झाडं छान दिसत होती' यालाही कुणी हरकत घेणार नाही, कारण मराठीला ही मोकळीक आहे. पण तेच तू इंग्रजीत उतरवतेस, 'हिअरिंग द न्यूज, टिअर्स केम टू माय आइज', आणि बातमी अश्रूंनी ऐकली असं होऊन बसतं. इंग्रजीत नामांचे विभक्तिप्रत्यय जवळजवळ गळून गेलेत. कुणाचं नातं कुणाशी, हे तिथे बरंचसं जागेवरून ठरतं. असा तुकडा वाक्याच्या तोंडी आला की पुढच्या वाक्याचा कर्ता तोच त्या क्रियेचा धनी.

आमच्या मास्तरांनी यावर एक युक्ती दिली होती. स्वल्पविरामापुढचं सगळं बोटाने झाकायचं, उरलेल्या तुकड्याला 'कोण?' म्हणून विचारायचं, उत्तर मनात धरायचं आणि मग बोट उचलायचं. तुझंच वाक्य घे. 'हॅविंग वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स.' कोण? मी. आता बोट उचल. पुढे आहे 'माय एक्स्पीरियन्स विल बी युजफुल टू यू'. म्हणजे बँकेत नोकरी केली ती तुझ्या अनुभवाने! 'माय' दिसलं की आपल्याला वाटतं, 'मी' आलाच की वाक्यात. नाही आला. 'माय' हा कर्ता नव्हे, कर्ता 'एक्स्पीरियन्स' आहे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून हे पक्कं ध्यानात ठेव.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. एक तर खरा कर्ता स्वल्पविरामाला लगटून आण: 'हॅविंग वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स, आय अंडरस्टँड लोन पेपर्स वेल.' नाहीतर त्या तुकड्यालाच त्याचा कर्ता दे: 'सिन्स आय हॅव वर्क्ड इन अ बँक...' मग पुढे काहीही येऊ दे. मला दुसरी तऱ्हा जास्त आवडते, ती बोलल्यासारखी वाटते. 'बीइंग अ संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड' हे कचेऱ्यांमधलं लाडकं वाक्यही तिनेच सरळ होतं: 'ॲज इट वॉज संडे.' ऑफिस काही रविवार नव्हे.

पुढचा भाग कर्मणी असला की जास्त सावध राहा. 'आफ्टर चेकिंग द डॉक्युमेंट्स, द लायसन्स वॉज इश्यूड.' कागद तपासले कुणी? लायसन्सने? तपासणारा साहेब वाक्यातून गायबच झालाय. अहवालात याने जबाबदारी कुणाची तेच कळत नाही, आणि ते मला व्याकरणाच्या चुकीपेक्षाही वाईट वाटतं.

ही चूक थोरांच्या लेखणीतूनही सुटलेली नाही. 'हॅम्लेट'मधलं भूत बागेत झोपलेल्या राजाला साप डसल्याची अफवा सांगतं, तिथली रचना व्याकरणाने पाहिली तर झोपलेला ठरतो साप. नाटकात ते खपून जातं, अर्जात नाही. 1918 साली विल्यम स्ट्रंक या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाच्या नियमांचं छोटंसं पुस्तक काढलं, त्यात या एका गोष्टीसाठी त्यांनी स्वतंत्र नियम ठेवला होता.

आता 'ओन्ली'. हा शब्द कुठे ठेवायचा याची चाचणी आपल्या 'च'मध्ये आहे. आधी वाक्य मराठीत म्हण आणि 'च' कशाला चिकटतो ते बघ. 'पंप कंपनीच दुरुस्त करेल': 'ओन्ली द कंपनी विल रिपेअर द पंप'. 'कंपनी पंपच दुरुस्त करेल', म्हणजे मोटर नाही: 'द कंपनी विल रिपेअर ओन्ली द पंप'. 'कंपनी पंप दुरुस्तच करेल', बदलून देणार नाही: 'द कंपनी विल ओन्ली रिपेअर द पंप'. बोलताना आवाजाच्या हेलाने भागतं, पण करारात हेल नसतो. तिथे पैशाचा प्रश्न येतो. 'ऑलमोस्ट' आणि 'नियरली' यांनाही हाच न्याय.

एका शब्दाचं जे, तेच शब्दांच्या गटाचं. 'शी सर्व्ड टी टू द गेस्ट्स इन पेपर कप्स' यात पाहुणे कागदी कपात बसलेत. 'टी इन पेपर कप्स' एकत्र ठेव, झालं.

वाक्याच्या तोंडी येणाऱ्या काही तुकड्यांना मात्र इंग्रजीने सूट दिली आहे. 'जनरली स्पीकिंग', 'जजिंग फ्रॉम', 'कन्सिडरिंग' यांना कर्ता शोधत बसू नकोस, ते रूढ झालेत. तुझ्या अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात 'कन्सिडरिंग' आहे, ते तसंच राहू दे.