साठवलेले पाणी आणि गप्पी मासे

2006 साली विदर्भात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा कित्येक रुग्णांनी सांधेदुखी महिनोन्‌महिने सोसली. चिकुनगुन्या व डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. उपाय तेवढ्या अवधीतच करावयाचा असतो.

ज्या विहिरी व हौद रिकामे करता येत नाहीत, तेथे गप्पी मासे सोडावेत. बोटाच्या पेराएवढा हा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी वावरतो. डासांच्या अळ्याही श्वासासाठी तेथेच येतात. मादी थेट पिलांनाच जन्म देते, त्यामुळे मूळ मुद्दल आपोआप वाढते. (हिशेबनिसास याहून प्रिय गुंतवणूक ती कोणती!) मात्र क्लोरीन अधिक झाल्यास मासे मरतात. नदी-तलावात ते सोडू नयेत, स्थानिक माशांना उपद्रव होतो.

नागपूरकरांची खरी अडचण कूलरची आहे. उन्हाळा सरला तरी तो खिडकीतच राहतो आणि टाकीत पावसाचे पाणी साचते. तेथे मासे नकोत. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासाव्यात, कारण चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. विहिरीसाठी मासे हवे असल्यास महानगरपालिकेच्या हिवताप व हत्तीरोग विभागाकडे चौकशी करावी.